अंगावर ओतले

'ओलावा' या नव्या पेयाची बाटली धावपटू मुलींच्या वसतिगृहात आली त्या दिवशी सकाळचा सराव बुडाला. एरवी पोरीच्या अंगात ताप असला तरी शिंगाडे मॅडम तिला मैदानाच्या कडेला घोंगडी पांघरून बसवायच्या, पळता येत नसेल तर निदान बघ म्हणायच्या. पण बाटलीबरोबर पुण्याहून कंपनीचे डॉ. तांबट येणार होते आणि त्यांना दुपारी परत जायचं होतं. चौदा मुली न्हाऊनधुऊन, केसांना तेल लावून सतरंजीवर बसल्या आणि बाटलीची वाट बघू लागल्या. नवऱ्या मुलाची बघतात तशी, असं ओवी बरकडे म्हणाली आणि तिच्या शेजारची ईश्वरी गलांडे फिसकन हसली.

बाटली एकच होती. राज्यातल्या प्रत्येक केंद्रातल्या सगळ्यात वेगवान मुलीला एक, असं कंपनीचं धोरण होतं. माणदेशातल्या या केंद्रात ती ईश्वरीला मिळणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं. दुसरा नंबर ओवीचा. मॅरेथॉनमध्ये दोघींच्या वेळांत तीनचार मिनिटांचा फरक, पण मैत्री अशी, की एकीची वेणी दुसरीने घातल्याशिवाय दोघींपैकी एकही मैदानावर यायची नाही.

सुवर्णा शिंगाडे मागे उभी राहून ऐकत होती. तिला या पेयांचा मनातून कंटाळा होता. पंचवीस वर्षांत तिनं निळी, हिरवी, केशरी, सगळ्या रंगांची पाणी येताना आणि जाताना बघितली होती. तिचं शास्त्र साधं. तासाच्या आतलं पळणं असेल तर नुसतं पाणी. तासाच्या वर गेलं तर लिंबू, साखर, मीठ. आणि मॅरेथॉनला दर वीस मिनिटांनी एक पेला, तहान लागो न लागो. तिच्या उमेदीच्या काळात एका शर्यतीत ती शेवटच्या दोन किलोमीटरवर पाण्यावाचून कोसळली होती. त्या दिवसापासून कोणाही पोरीचे कोरडे ओठ दिसले की ती आधी पाण्याचा पेला पुढं करायची.

"घाम प्रत्येकाचा वेगळा," डॉ. तांबट सांगत होते. तरुण माणूस होता, समजावून सांगायची हौस होती. "ही मुलगी बघा. काय नाव? ओवी. हिचा कालच्या सरावाचा बनियन मॅडमनी दाखवला, त्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेत. ईश्वरीच्या लिटरभर घामातून जेवढं मीठ जातं, त्याच्या दुप्पट हिच्या जात असेल. मग दोघींनी एकच सरबत कसं प्यायचं?"

"ओवीचा बनियन टाकला तर आमटीला मीठ लागत न्हाई सर," मागून कोणीतरी म्हणालं. ओवी सगळ्यांत मोठ्यानं हसली.

तांबटांनी बाटलीचं बूड फिरवून उघडलं. आत चार छोट्या कुप्या होत्या. तीन कुप्यांत मीठ, साखर आणि पोटॅशियम. दंडावर चिकटवायची एक चकती होती, ती घाम तपासायची. बाटलीच्या तोंडाशी एक बारीक चंदेरी पट्टी होती, ती प्रत्येक घोटाला लाळ तपासायची. दोन्हींवरून त्या घोटात काय किती मिसळायचं ते बाटली ठरवायची.

"आणि ही चौथी कुपी, हा खरा शोध," तांबट म्हणाले. "शरीरात पाणी कमी पडू लागलं की मेंदू एक संप्रेरक सोडतो. ते मूत्रपिंडाला बजावतं, पाणी धरून ठेव, सोडू नको. आम्ही त्याचंच एक भावंड बनवलंय. मूळच्यापेक्षा शंभरपट ताकदीचं. एकदा घोटातून गेलं की मूत्रपिंडाला कुलूप लागतं. प्यायलेला थेंब न थेंब अंगात राहतो. चार तासांनी ते आपोआप विरघळून जातं, रक्तात खूणसुद्धा राहत नाही."

मुलींनी चौथ्या कुपीचं नाव त्याच क्षणी कुलूप ठेवलं. क्रीडा संघटनांनी दोन वर्षं भांडून त्या कुलपाला मान्यता दिली होती, तीही बाटलीतूनच घेण्याच्या अटीवर.

"आणि कुलूप लागलेलं असताना कोणी वरून भरपूर पाणी प्यायलं तर?" सुवर्णानं विचारलं.

तांबटांचा चेहरा उजळला. "मॅडम, अगदी बरोबर प्रश्न. पाणी साठत जाईल, रक्तातलं मीठ पातळ होत जाईल, मेंदूला सूज येईल. जिवावर बेतेल. म्हणून तर ही पट्टी. लाळेवरून मीठ जरा उतरलेलं कळलं की बाटली कुलूप बंद करते आणि खारं पाणी देते. ज्याची बाटली त्यानंच ती प्यायची, एवढंच पाळा."

"सर, डोस्क्यावर वतलं तर?" ईश्वरीनं विचारलं. "उन्हाचं आमी वततो."

"ओता ना. ओठ लागले तर प्यायलं, ओठ न लागता पाणी गेलं तर अंगावर ओतलं. बाटली तशी वेगळी नोंद करते आणि ते पोटात गेलेलं धरत नाही. तेवढं तुझ्यासाठी पुन्हा मिसळून देते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुवर्णानंही डोलावली. तिच्या डोक्यामागच्या भिंतीवर तिनंच तीन वर्षांपूर्वी रंगवून घेतलेला नियम होता, मोठ्या लाल अक्षरांत. उष्टं पाणी पिऊ नये, वरून प्यावं. त्या वर्षी वसतिगृहात कावीळ पसरली होती, अकरा पोरी एकापाठोपाठ एक पिवळ्या पडल्या होत्या. तेव्हापासून भांडं असो की बाटली, दुसरीची असेल तर ओठ लावायचा नाही, हे सुवर्णानं पोरींच्या अंगी बाणवलं होतं. पळतापळता वरून पाणी प्यायचा तिनं सरावच घेतला होता. सुरुवातीला पोरी नाकात पाणी जाऊन ठसकायच्या. ओवीला मात्र ते लवकर जमलं. ती पूर्ण वेगात असताना बाटली तोंडापासून वीतभर वर धरायची आणि धार सरळ घशात सोडायची. गळपट्टीवर एक थेंब पडायचा नाही. नवीन पोरींना दाखवायला सुवर्णा तिलाच पुढं करायची.

निवड चाचणी डिसेंबरात होती. पहिल्या सहा जणी राष्ट्रीय शिबिराला जाणार होत्या. सकाळी सहाला बंदूक सुटली तेव्हा माळावर अशी थंडी होती की पोरींच्या तोंडातून वाफा निघत होत्या. सुवर्णा स्कूटरवरून पुढंपुढं जात पाण्याच्या टेबलांवर थांबत होती.

वीस किलोमीटरला ईश्वरी आणि ओवी खांद्याला खांदा लावून आल्या. पंचविसालाही तशाच. सुवर्णानं ओवीच्या हातात पेला दिला, "सगळा संपीव" म्हणाली, आणि ओवीनं मान वर करून तो घशात रिकामा केला. ईश्वरीच्या पट्ट्यात तिची बाटली होती, तिच्यात तिनं टेबलावरचं पाणी भरून घेतलं. तिसाला ईश्वरी एकटीच आली, मागोमाग दोन मिनिटांनी ओवी.

"डोकं ठणकतंय मॅडम," ती म्हणाली. पळतापळता तिनं मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा दोन भोकं सैल केला. बोटं टरारून आली होती. सुवर्णानं ते बघितलं. उन्हाचा पत्ता नसताना डोकं दुखतंय म्हणजे पाणी कमी पडलंय, असं तिच्या मनानं घेतलं आणि तिनं एकाऐवजी दोन पेले दिले.

पस्तिसाला ओवी उलटी करत आली. नुसतं पाणी पडत होतं.

"नको मॅडम. पाणी नको."

"गप. उलटीत सगळं गेलंय. पी." सुवर्णानं एका हातानं तिची मान धरली आणि दुसऱ्या हातानं पेला तिच्या तोंडात रिता केला. मग दुसरा. "आता सातच किलोमीटर. ईश्वरी दुसरी पळतीय, तू सहावी. सोडू नको."

ओवी निघाली. अडतिसाच्या अलीकडं ती रस्त्यातच थांबली आणि टेबलावरच्या बाईला विचारू लागली, दहिवडीची एसटी गेली का. मग तिचे पाय वाकडे पडले. रुग्णवाहिकेत तिला झटके आले. दुसऱ्या दिवशी दुपारी जिल्ह्याच्या गावातल्या रुग्णालयात ती गेली. तिला विसावं वर्ष लागलं होतं.

डॉक्टरांच्या कागदावर होतं, रक्तातलं मीठ एकशेबारा. एकशेपस्तिसाच्या वर हवं असतं. कारण म्हणून लिहिलं होतं, घामावाटे मीठ आणि पाणी यांचा अतिरेकी ऱ्हास. ओवीचा घाम खारट होता हे तर सगळ्यांना माहीत होतं. तिला बाटली नव्हती हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी जुळल्या आणि कोणाला काही शंका आली नाही. आठवड्याभरात कंपनीनं ओवीचा फोटो छापला. खाली ओळ होती, तहानेचा यापुढं एकही बळी नको. केंद्रातल्या उरलेल्या बारा जणींनाही बाटल्या देण्याचं जाहीर झालं आणि त्या ओवीच्या आईच्या, कविता बरकडेच्या हस्ते द्यायचं ठरलं. कार्यक्रम जानेवारीतल्या एका रविवारी होता.

सुवर्णा महिनाभर एकाच विचारात होती. आणखी पाजायला हवं होतं. पंधरा-पंधरा मिनिटांनी द्यायला हवं होतं. ती पोरींना वेळापत्रक बदलून देणार होती.

कार्यक्रमाच्या आधीच्या शुक्रवारी ती ईश्वरीच्या शिबिराचे कागद भरत बसली होती. चाचणीच्या दिवशीची बाटलीची नोंद जोडायची होती. ईश्वरीनं तिचा फोन दिला आणि ती कपडे वाळत घालायला गेली. सुवर्णानं नोंद उघडली. प्यायले, नऊशे चाळीस मिलिलिटर. तिनं ते फॉर्मवर उतरवलं. खाली दुसरा रकाना होता. अंगावर ओतले, आठशे नव्वद मिलिलिटर. सतरा वेळा.

तिनं तो आकडाही अर्धा उतरवला आणि तिचा हात थांबला. त्या सकाळी तिनं स्वतः दोन स्वेटर घातले होते. पोरींच्या तोंडातून वाफा निघत होत्या. त्या थंडीत अंगावर पाणी कोण ओतेल?

तिनं वेळा बघितल्या. पहिली नोंद चौथ्या किलोमीटरला. मग साधारण दर दीड किलोमीटरला एक. शेवटची अठ्ठावीसला. अठ्ठाविसाच्या पुढं एकही नाही.

ती बाहेर आली तेव्हा ईश्वरी दोरीवर ओढणी झटकत होती.

"ईश्वरी, त्या दिवशी तू अंगावर पाणी घेतलंस?"

"येड लागलंय का मॅडम? तसल्या थंडीत?" ईश्वरी हसली. मग सुवर्णाचा चेहरा बघून तिचं हसू गेलं. बराच वेळ ती ओढणीची टोकं जुळवत राहिली. "मी ओवीला देत हुते. तिला बाटली न्हवती, मलाच हुती, मला कसंतरीच वाटायचं. ती नको नको म्हणत हुती मॅडम. म्हणायची, तुजी हाय, सरांनी सांगितलंय. मीच तिच्या हातात कोंबायची." तिनं घाईघाईनं पुढं जोडलं, "पर तिनं उष्टं न्हाई केलं. एकदाबी ओठ लावला न्हाई. वरनंच प्याली. तुमचा नियम मोडला न्हाई आमी."

सुवर्णा तिथंच कपडे धुवायच्या दगडावर बसली.

आता सगळं एका ओळीत दिसत होतं. ओवीचे ओठ लागले नाहीत, म्हणून बाटलीनं तिची लाळ बघितलीच नाही. बाटलीला वाटलं, ईश्वरी डोकं भिजवतीय. म्हणून तिनं ईश्वरीच्या अंगाला साजेसं, कमी मिठाचं आणि कुलपाचं पाणी पुन्हा पुन्हा मिसळून दिलं. ते कुलूप ओवीच्या पोटात गेलं, सतरा वेळा. वर प्रत्येक टेबलावर सुवर्णाचा पेला. बाहेर पडायची वाट बंद आणि आत येणारं पाणी चालूच. डोकं दुखणं, बोटं सुजणं, उलटी. सगळी पाण्याच्या पुराची लक्षणं होती आणि सुवर्णा त्यावर पाणी पाजत होती. ओवीला पाणी कमी पडलंच नव्हतं.

तिनं तांबटांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"वरून," ते म्हणाले. "बाटली तोंडाला न लावता. माझी आईसुद्धा तशीच पिते, मॅडम. मी लहानपणी तसाच प्यायचो. आम्ही सहाशे जणांवर चाचणी केली. काचेच्या खोलीत, पळत्या पट्ट्यावर, प्रत्येकाला स्वतःची बाटली. दुसऱ्याचं पाणी मागायची कोणावर वेळच आली नाही."

"मग आता बाटल्या परत घ्या."

"नव्या आवृत्तीत दुरुस्त करू. झडप बसवता येईल. मालकाचे ओठ लागल्याशिवाय पाणी सुटणारच नाही."

"म्हणजे शेजारची पोर तहानेनं पडली तरी तिला द्यायचं नाही."

"देताच येणार नाही," तांबट म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "सहाएक महिने लागतील. तोपर्यंत सूचना पाठवू, की बाटली कोणाला देऊ नका. मॅडम, एक सांगतो, तुम्ही हे लेखी देऊ नका. तुमच्या भल्यासाठी म्हणतोय. सूचना होतीच, ज्याची बाटली त्यानंच प्यायची. ईश्वरीनं ती मोडली, तिचं शिबिर जाईल. आणि वरून प्यायला कोणी शिकवलं हा प्रश्न निघेल. कंपनीचे वकील तोच धरतील."

"किती बाटल्या आहेत राज्यात?"

"चार हजार."

चार हजार बाटल्या, आणि त्या ज्या गावांत गेल्या तिथल्या प्रत्येक घरात पाणी वरून पितात. शेतात एकाच कळशीवर दहा माणसं वरून पितात. बहीण भावाची बाटली उचलेल, मैत्रीण मैत्रिणीची. सगळे चांगल्या वळणाचे, उष्टं न करणारे. सुवर्णानं फोन ठेवला.

तिला खोटं बोलायची गरज नव्हती, हेच वाईट होतं. नुसतं गप्प बसलं की पुरे होतं. ईश्वरी शिबिराला जाईल. ओवीची आई बाटल्या वाटेल, आपल्या पोरीच्या नावानं काही बरं झालं असं समजेल. सुवर्णाची नोकरी राहील. पोरींना ती हळूच सांगेल, एकमेकींची बाटली घेऊ नका. आपल्या बारा-तेरा पोरी वाचतील. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, सराव घेताना ती हाच विचार करत होती आणि तो पटू लागला होता. तेवढ्यात तिची नजर ईश्वरीवर गेली. ती एका नव्या मुलीला पळतापळता वरून पाणी प्यायला शिकवत होती. बाटली ओलावाची होती. सवयीनं पोरीचा हात पुढं आला होता आणि ईश्वरीनं दिली होती.

सुवर्णा ओरडली. इतक्या जोरात, की सगळं मैदान थांबलं. तिनं धावत जाऊन बाटली हिसकावली आणि पाणी मातीत ओतलं. मग ईश्वरीला खोलीत नेऊन बसवलं आणि काही न लपवता सांगितलं.

ईश्वरी ऐकत होती. अर्ध्यातच तिला समजलं, पण सुवर्णानं शेवटपर्यंत सांगितलं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिला ते कळू नये एवढंच सुवर्णाच्या हातात होतं.

"म्हंजी मी..."

"तू नाही. नियम माझा. पेले माझे. तू मैत्रिणीला पाणी दिलंस."

"नको म्हणत हुती ती."

"मलाही म्हणाली होती."

ईश्वरी रडली नाही. ती भिंतीवरच्या लाल अक्षरांकडं बघत राहिली. ती अक्षरं रंगवताना तिनं आणि ओवीनं डबा धरला होता. "शिबिर गेलं न्हवं?" तिनं विचारलं.

"जाईल. मी हे आज पाठवणार आहे. उद्या त्या बाटल्या वाटल्या जाता कामा नयेत."

"माजं नाव काढू नका त्यातनं," ईश्वरी म्हणाली. "ती नको म्हणत हुती, एवढं मातुर लिवा. न्हाईतर लोक म्हणतील, ओवीनं मागून घेतली." मग ती उठली आणि आपली पेटी भरायला लागली. सुवर्णानं तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिनं अंग चोरून तो खाली पडू दिला. तासाभरानं ती कोणाचा निरोप न घेता गावाकडच्या गाडीत बसली.

सुवर्णानं निवेदन लिहिलं. दोन पानं झाली. नोंदीचा फोटो जोडला. कागद तयार झाला तरी तिनं तो पाठवला नाही. तो बाहेर पडला की तासाभरात फोन वाजू लागतील आणि त्यातला एखादा ओवीच्या घरी वाजेल. ती स्कूटरवर बसली आणि सात किलोमीटरवरच्या वस्तीवर गेली. बरकड्यांच्या घरासमोर गाडी लावून तिनं आधी निवेदन क्रीडा संघटनेच्या अध्यक्षांना, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना आणि दोन वर्तमानपत्रांना पाठवलं. आत गेल्यावर आपली जीभ लुळी पडेल अशी तिला भीती होती. आता परतायची सोय राहिली नाही.

कविता सोप्यात बाजरी पाखडत होती. मॅडमना बघून ती उठली, आत जाऊन तांब्या-भांडं आणून पुढं ठेवलं. तिचे ओठ फुटले होते, कोपऱ्यांत रक्त सुकलं होतं.

"उद्याच्या कार्यक्रमाचं सांगाय आलाय का? मी येती न्हवं दहालाच. मोटार पाठवणार हाईत म्हणं."

"ओठांना काय झालं?"

"काय न्हाई वो." कवितानं पदरानं तोंड पुसलं. "दिस मावळंपतूर पाणी घेत न्हाई मी. ती गेल्यापसनं. पोर तहानेली गेली, डॉक्टरांनीच लिवलंय. आमी ह्या दुष्काळी मुलखातली माणसं, आमच्याकडं दारात आलेल्या कुत्र्यालाबी कुणी तहानेलं घालवत न्हाई. आन माजी पोर..." ती थांबली. "म्हणून म्हटलं, बाटल्या वाटतो तर वाटती. दुसऱ्या कुणाची तरी जाऊ नये."

सुवर्णानं सांगितलं. वाटेत तिनं वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. जसं आलं तसं सांगितलं. बाटली, कुलूप, ओठ, वरून पिणं, उलटी. ईश्वरीनं प्रेमानं दिलं आणि ओवी नको म्हणत होती. कविताच्या हातातलं सूप मांडीवर तिरकं झालं आणि बाजरी घरंगळत राहिली. तिनं ती सावरली नाही.

"मग तहानेली न्हाई गेली ती?"

"नाही. पाणीच जास्त झालं. अंगात मावेना."

"तहानेली न्हाई."

"नाही, कविताबाई."

कवितानं हात लांब केला. सुवर्णापुढं ठेवलेला तांब्या तिनं उचलला, मान मागं टाकली आणि वरून धार धरली. गळ्याची घाटी वरखाली होत राहिली. दुपार कलायची होती, दिवस मावळायला अजून तीन तास होते. सबंध तांब्या तिनं एका दमात रिकामा केला, एक थेंब न सांडता. ओवी कोणाकडून शिकली होती ते सुवर्णाला तेव्हा समजलं.

"शेवटचं पाणी कुणी पाजलं तिला?" कवितानं विचारलं.

"मी. पस्तिसाव्या किलोमीटरला."

"किती?"

"दोन पेले."

"तवाबी नको म्हणाली?"

"हो. मी मान धरून पाजलं."

कोंबड्या सोप्यात येऊन सांडलेली बाजरी टिपू लागल्या, त्यांनाही कवितानं हाकललं नाही.

"मी तितं असती तर मीबी पाजलंच असतं," ती म्हणाली. "पोर वकती तवा आई पाणीच पाजती." तिनं सुवर्णाकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. "पर मी न्हवते. पाजलंत तुमी. आता पुन्हा ह्या दारात येऊ नका, मॅडम."

सुवर्णा उठली. खिशातला फोन वाजायला लागला होता. तिनं चपला घातल्या आणि उंबऱ्याबाहेर पडली. मागं माठाचं झाकण उघडल्याचा आवाज आला. कविता दुसरा तांब्या भरून घेत होती.